फ्लूची साथ आणि आपली कोंबडी-डुकरे

बर्ड फ्लू आणि स्वाईन फ्लू ही दोन नावे आज वाडीवस्तीवरच्या माणसालाही ठाऊक आहेत. नावे पोचली, ज्ञान मात्र पोचले नाही. साथ आली की दोन प्रकारचा मजकूर आपल्यापर्यंत येतो. एक, वर्तमानपत्रांतला आणि वाहिन्यांवरचा भीतीचा मजकूर. दुसरा, सरकारी पत्रकांतला सूचनांचा मजकूर. ही पत्रके बहुधा दहा हजार पक्ष्यांची शेड असलेल्या मालकाला उद्देशून लिहिलेली असतात. शेडच्या दाराशी जंतुनाशकाचे पाणी ठेवा, कामगारांना वेगळे कपडे द्या, गाडीच्या चाकांवर फवारा मारा, असे त्यांत सांगितलेले असते. परंतु जिच्या अंगणात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, किंवा ज्याची चार डुकरे गावाबाहेरच्या नाल्याकाठी चरतात, त्यांनी काय करावे? हे साध्या मराठीत सांगणारा मजकूर माझ्या पाहण्यात फारसा नाही.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. माझे वडील डुकरे पाळत आणि आई कोंबड्या. आमच्या घरात पुस्तक शिरण्याआधी कितीतरी पिढ्या ही जनावरे होती. त्यामुळे हा विषय मला वर्गातूनही माहीत आहे आणि वस्तीतूनही. माझे म्हणणे थोडक्यात असे : छोट्या पाळकाचे जनावर फ्लूपासून बऱ्याच अंशी राखता येते, आणि त्यासाठी लागणारे उपाय स्वस्त आहेत. पण ते उपाय त्याच्याकडे हुकूम म्हणून गेले तर तो कोंबडी लपवील. ज्ञान आणि हक्क म्हणून गेले, तर तोच साथीचा पहिला राखणदार होईल.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली, म्हणजे घरोघरी पाळलेली होती. डुकरांची संख्या ९० लाखांच्या घरात होती. परसातल्या या कोंबड्या कुणाच्या? भूमिहीनांच्या, अल्पभूधारकांच्या, आदिवासींच्या. आणि त्यांतही मुख्यतः बायकांच्या. डुकरे कुणाची? आपल्याकडे प्रामुख्याने कैकाडी, वडार, मेहतर यांसारख्या जातीजमातींची, म्हणजे ज्यांना गावाने आपल्या बाहेर ठेवले त्यांची. आपल्या आत्मकथनांतून ही जनावरे दारिद्र्याची खूण म्हणून पुष्कळदा येतात. पण ती त्या दारिद्र्यातली एकमेव शिल्लकही असतात, याकडे आपलेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. माझ्या बारावीच्या परीक्षेची फी आईने दोन कोंबड्या विकून भरली होती. अशा घरात एका रात्रीत दहा कोंबड्या मेल्या तर नुसते मांस जात नाही. औषधपाणी जाते, वह्या जातात, सावकाराला दूर ठेवणारी एवढीशी ताकद जाते.

विषाणू कसा वागतो

इन्फ्लुएंझा हा विषाणूंमुळे होणारा रोग आहे. त्याच्या चार प्रकारांपैकी जनावरांच्या आणि जागतिक साथींच्या दृष्टीने महत्त्वाचा तो ‘अ’ प्रकार. या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रथिने असतात. त्यांना एच आणि एन अशी अक्षरे दिलेली आहेत, आणि त्यांच्या क्रमांकांवरून एच५एन१, एच१एन१ ही नावे पडली आहेत.

या विषाणूचे मूळ घर म्हणजे रानबदके आणि इतर पाणपक्षी. तो त्यांच्या आतड्यात राहतो, बहुतेकदा त्यांना फारसा त्रास न देता, आणि विष्ठेवाटे तळ्याच्या पाण्यात उतरतो. तेच पाणी, तोच चिखल, तोच दाणा कोंबडीच्या वाट्याला आला की विषाणू तिच्यात शिरतो. एच५ आणि एच७ या गटांतले काही विषाणू कोंबडीत गेल्यावर अतिशय उग्र होतात. मग दोन-तीन दिवसांत सगळे खुराडे रिकामे होते.

विष्ठेतला हा विषाणू ४ अंश सेल्सिअस थंडीत महिनाभराहून अधिक टिकतो, तर ३७ अंश उष्णतेत सुमारे सहा दिवस. आपल्याकडच्या बहुतेक साथी हिवाळ्यात आणि त्याच्या शेवटी आल्या, त्याचे एक कारण हे आहे आणि स्थलांतर करून येणारे पक्षी हे दुसरे. पण या विषाणूची एक कमकुवत बाजूही आहे. त्याचे बाहेरचे आवरण चरबीचे असते. त्यामुळे साबण, कपडे धुण्याची पावडर, चुना, ब्लीचिंग पावडर, कडक ऊन आणि उकळते पाणी यांपुढे तो तग धरीत नाही. गरिबाच्या घरात नसणारे यात काय आहे?

आता डुकराचे वैशिष्ट्य पाहू. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी पेशीवर एक विशिष्ट खुंटी धरावी लागते. पक्ष्यांचा विषाणू एका तऱ्हेची खुंटी धरतो, माणसाचा दुसऱ्या तऱ्हेची. डुकराच्या श्वासमार्गात दोन्ही तऱ्हेच्या खुंट्या आहेत. शिवाय या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. आठ चिंध्यांची गोधडी समजा. दोन गोधड्या एकाच ठिकाणी उसवल्या आणि चिंध्या मिसळून पुन्हा शिवल्या, तर तिसरीच गोधडी तयार होईल. एकाच डुकराला एकाच वेळी पक्ष्याचा आणि माणसाचा फ्लू झाला, तर असा तिसराच विषाणू जन्माला येऊ शकतो. त्याच्याशी माणसाच्या शरीराची ओळख नसते, म्हणून तो जगभर पसरण्याची भीती असते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एका घरगुती पाळकाकडे याचा पहिला टप्पा पाहायला मिळाला. त्याच्या कोंबड्यांना एच५एन१ झाला होता. त्याच्याकडे पाच डुकरे होती, आणि कोंबड्या व डुकरे यांचे पाणी, निवारा आणि वापरायची अवजारे एकच होती. पाचांपैकी दोन डुकरांत तोच विषाणू सापडला. अमेरिकेत डुकरात एच५एन१ सापडल्याची ती पहिली नोंद. पाण्याचे भांडे वेगळे ठेवणे एवढी छोटी गोष्ट किती मोठी असते, हे या उदाहरणावरून लक्षात यावे.

रोग कुणाचा, दोष कुणावर

विज्ञान एवढे स्पष्ट असतानाही साथ आली की बोट नेहमी गरिबाच्या गोठ्याकडे दाखवले जाते. म्हणून थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

१९१८ च्या साथीला आपली जुनी माणसे मानमोडी म्हणत. भारतात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच वर्षी अमेरिकेच्या आयोवा भागात डुकरांची खिल्लारे तापाने आणि खोकल्याने आडवी पडली. जे. एस. कोएन या सरकारी पशुनिरीक्षकाने सांगितले, की हा माणसांचाच फ्लू आहे. डुकरांच्या व्यापाऱ्यांना ते रुचले नाही, कारण त्यामुळे मांसाचा खप पडला असता. पुढे १९३१ मध्ये रिचर्ड शोप या शास्त्रज्ञाने डुकरांतला फ्लूचा विषाणू दाखवून दिला. माणसातला विषाणू सापडायला १९३३ साल उजाडले. डुकरांना हा रोग त्या काळी माणसांच्या साथीतून मिळाला, असेच आजचे अनेक शास्त्रज्ञ मानतात. २००९ मध्येही नॉर्वेत हेच घडले. तिथल्या डुकरांत आधी फ्लू नव्हता. तो त्यांना आजारी माणसांकडून झाला. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालते. डुक्कर माणसाला रोग देते हे जितके खरे, तितकेच माणूस डुकराला रोग देतो हेही खरे आहे.

त्याच १९१८ च्या साथीतले मुंबई शहराचे आकडे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावेत असे आहेत. इन्फ्लुएंझाने मेलेल्यांचे प्रमाण युरोपियनांत दर हजारी ८.३ होते, वरच्या जातींच्या हिंदूंत १८.९ होते, आणि खालच्या मानलेल्या जातींत ६१.६ होते. विषाणू जात विचारीत नाही. पण खोली किती अंधारी, पोटात अन्न किती, आणि आजारपणात कामावर न जाण्याची मुभा कुणाला, हे जातीने आधीच ठरवून ठेवलेले असते.

२००९ मध्ये एच१एन१ ची जागतिक साथ आली. त्या विषाणूची जनुके डुकरांच्या विषाणूंमधून आली होती हे नाकारण्याचे कारण नाही. उत्तर अमेरिकेतल्या आणि युरोप-आशियातल्या डुकरांच्या विषाणूंची ती सरमिसळ होती. परंतु एकदा माणसात शिरल्यावर तो माणसाकडून माणसाकडेच पसरत होता. विमानातून, शाळेतून, लोकलच्या डब्यातून. पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला पहिला बळी गेला, तो एका शाळकरी मुलीचा. त्याचा आपल्याकडच्या नाल्याकाठच्या डुकरांशी काहीही संबंध नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने तर ३० एप्रिल २००९ पासूनच ‘स्वाईन फ्लू’ हे नाव वापरणे थांबवले होते. आपल्याकडे मात्र ते नाव चिकटले ते चिकटलेच.

या नावाने काय केले याचे सर्वांत मोठे उदाहरण इजिप्तमधले आहे. कैरो शहराचा कचरा पिढ्यान्‌पिढ्या उचलणारा एक ख्रिस्ती समाज आहे. त्यांना जब्बालीन, म्हणजे कचरेवाले म्हणतात. घरोघरचा कचरा गोळा करायचा, त्यातले कागद-प्लॅस्टिक निवडून विकायचे आणि उष्टे-खरकटे डुकरांना घालायचे, हा त्यांचा उद्योग. एप्रिल २००९ च्या अखेरीस इजिप्तच्या सरकारने देशातली सगळी डुकरे मारण्याचा हुकूम काढला. डुकरांची संख्या तीन लाखांच्या आसपास होती. त्या दिवशी इजिप्तमध्ये या फ्लूचा एकही रुग्ण नव्हता. डुकरे मारून ही साथ थांबणार नाही असे आंतरराष्ट्रीय संस्थांनी सांगितले; तरी डुकरे मारली गेली. फ्लू नंतर आला तो आलाच. पुढल्या काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर कुजक्या कचऱ्याचे ढीग साचले, कारण तो खाणारी डुकरे उरली नव्हती. जब्बालीनांचे उत्पन्न बुडाले ते वेगळेच.

हे कैरोत घडले म्हणून ते लांबचे वाटण्याचे कारण नाही. २००९ च्या पावसाळ्यात मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात होतो. आमच्या गावच्या नगरपालिकेने ‘स्वाईन फ्लूचा बंदोबस्त’ म्हणून डुकरे पकडण्याची मोहीम काढली. आमच्या वस्तीतली डुकरे जाळ्यात घालून ट्रकने नेली. त्यांत वडिलांच्या तीन माद्या होत्या, एक गाभण. कुणी नमुना घेतला नाही, पंचनामा केला नाही, पावती दिली नाही. वडील दोनदा कचेरीत जाऊन आले. ‘रोगराई पसरवता आणि वर पैसे मागता’, एवढेच उत्तर त्यांना मिळाले. त्याच आठवड्यात वर्गात मी विषाणूची रचना शिकत होतो. विज्ञानाचे एक नाव घेऊन विज्ञानाच्या विरुद्ध कसे वागता येते, ते मला त्या वर्षी समजले.

कोंबड्यांच्या बाबतीतही पाहा. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो १८ फेब्रुवारी २००६ रोजी, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. रोग सापडला तो मोठ्या शेडांत. पण ठरवलेल्या परिघातली सगळीच कोंबडी मारली गेली, आणि त्यात आदिवासींच्या दारातली कोंबडीही गेली. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत रोग दिसला. २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालच्या बीरभूमपासून साथ पसरली, तेव्हा अनेक गावकऱ्यांनी कोंबड्या लपवल्या. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण भरपाई मिळेल की नाही, किती मिळेल, कधी मिळेल, याची खात्री नसताना आपली शिल्लक कोण आपण होऊन काढून देईल?

याचा अर्थ घरगुती पाळक रोगापासून मुक्त आहे असे नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा साथ आली, २०२५ च्या आरंभी लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मेले. मोकळी फिरणारी कोंबडी पाणपक्ष्यांच्या आणि कावळ्यांच्या संपर्कात येतेच. आणि धोका माणसालाही आहे. भारतात एच५एन१ ने माणूस दगावल्याची पहिली नोंद जुलै २०२१ ची आहे; तो हरियाणातला एक लहान मुलगा होता. २००३ पासून जगभर नोंदलेल्या अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे मेले. म्हणून ‘हे सगळे गरिबांविरुद्धचे कारस्थान आहे’ असे म्हणून हात झटकणे हाही आपल्याच माणसांचा घात ठरेल.

राखण कशी करावी

रोग खुराड्यात चालत येत नाही. त्याला कुणीतरी आणावे लागते. आणणारे पाच-सहाच आहेत : नवा पक्षी, पाणी, दाणा, चप्पल, पिंजरा आणि आजारी माणूस. त्यांच्यावर लक्ष ठेवले की निम्मे काम झाले.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी थेट खुराड्यात सोडू नये. निदान दोन आठवडे ती वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या भांड्यात दाणापाणी देऊन ठेवावी. तिचे काम घरच्या कोंबड्यांच्या नंतर करावे. जी कोंबडी विकायला नेली आणि न खपता परत आणली, तीही नवीच समजावी. बाजारात ती शंभर गावच्या कोंबड्यांशेजारी बसलेली असते.

पाणी हापशाचे किंवा नळाचे द्यावे, तळ्याचे नको. भांडे रोज घासावे. दाणा उघड्यावर पसरून ठेवू नये, कारण त्यावर कावळे-चिमण्या येतात. बदके असतील तर ती कोंबड्यांपासून वेगळी ठेवावीत. बदक रोग अंगावर बाळगूनही धडधाकट दिसू शकते.

खुराड्यात जाण्यासाठी एक जुनी चप्पल वेगळी ठेवावी आणि ती दुसरीकडे वापरू नये. कोंबड्या घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याला अंगणाच्या कडेलाच थांबवावे. त्याचा पिंजरा आणि अंड्यांचे ट्रे गावोगाव फिरलेले असतात. आपल्या कोंबड्या आपल्याच पाटीतून त्याच्यापर्यंत न्याव्यात.

साफसफाईचा एक नियम पाळावा : आधी विष्ठा आणि घाण खरवडून काढायची, मग साबणाच्या पाण्याने धुवायचे, आणि शेवटी चुना किंवा ब्लीचिंगचे पाणी मारायचे. घाणीवरच चुना फेकला तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. नंतर जागा उन्हात वाळू द्यावी.

जवळपास साथ असल्याची बातमी आली, तर काही आठवडे कोंबड्या मोकळ्या सोडू नयेत. जुनी साडी किंवा जाळी बांधून आडोसा करावा. बंद कोंबडीला दाणा विकत घालावा लागतो, हे मला माहीत आहे. म्हणून हा उपाय बारमाही नव्हे, साथीपुरता सांगतो आहे.

राणीखेतची लस मात्र बारमाही विसरू नये. कोंबड्यांच्या या रोगालाही काही भागांत मानमोडीच म्हणतात. त्यातही कोंबड्या भराभर मरतात, आणि नुसत्या डोळ्यांनी राणीखेत कोणता व बर्ड फ्लू कोणता हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. लस दिलेल्या कोंबड्यांत अचानक मर लागली, तर बर्ड फ्लूचा संशय लवकर घेता येतो. तुरा आणि चोचीखालचे लोंबते मांस निळे-जांभळे पडणे, डोके सुजणे, पायांवर लाल ठिपके, अंडी एकाएकी बंद होणे, किंवा काहीच लक्षण न दिसता सकाळी खुराड्यात पक्षी मरून पडलेले असणे, या खुणा ध्यानात ठेवाव्यात.

डुकरांसाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, डुकरे आणि कोंबड्या यांची जागा, पाणी, खोरे-टोपली वेगळी असावी, आणि मेलेली कोंबडी, पिसे, आतडी डुकरांपुढे कधीही टाकू नयेत. दुसरी, हॉटेलातले खरकटे घालायचे तर ते उकळी फुटल्यावर अर्धा तास ढवळत शिजवून मगच घालावे. त्याने फ्लूच नव्हे, डुकरांचे इतरही घातक रोग टळतात. तिसरी, घरात ज्याला ताप-खोकला आहे त्याने डुकरांपासून दूर राहावे. त्याचे काम तेवढे दिवस दुसऱ्याने करावे. माणसाच्या फ्लूची लस बाजारात मिळते, पण मजुराच्या ऐपतीत ती बसत नाही. डुकरे आणि कोंबड्या हाताळणाऱ्यांना ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळावी, ही मागणी आपण केली पाहिजे.

फ्लू झालेले डुक्कर खोकते, तापते, खात नाही, पडून राहते. बहुधा कळपातली बरीच एकदम आजारी पडतात आणि आठवड्याभरात सावरतात. मरतात ती थोडी. डुकरे मोठ्या संख्येने मरू लागली तर तो बहुधा फ्लू नसतो. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आलेला आफ्रिकन स्वाईन फीव्हर हा वेगळाच रोग आहे. त्याने डुकरे पटापट मरतात, पण माणसाला तो होत नाही. नावे सारखी म्हणून दोन रोगांची गल्लत करू नये.

आता सर्वांत अवघड गोष्ट. कोंबडीने मान टाकली की आपल्या घरांत तिच्यावर सुरी फिरवतात. डोळ्यांदेखत अन्न वाया जाऊ देणे गरिबाला परवडत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, तेव्हा प्रश्न माणूस म्हणून स्वाभिमानाचा होता. आज त्याला शरीरशास्त्राचीही जोड मिळाली आहे. चांगले शिजवलेले मांस आणि उकडलेले अंडे यांतून फ्लू होत नाही. ७० अंशांवर विषाणू मरतो. धोका आहे तो आजारी पक्षी कापण्यात, पिसे उपटण्यात आणि आतडी साफ करण्यात. आणि ते काम घरातल्या बाईच्या हातून होते, शेजारी लेकरू बसलेले असते. म्हणून आजारी किंवा मेलेली कोंबडी कापू नये, विकू नये, नाल्यात फेकू नये. उघड्या हाताने उचलू नये, पिशवी हातात घालून उचलावी. आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. त्यांनी सांगितल्यावर कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, आणि हात साबणाने धुवावेत. त्यानंतरच्या दहा दिवसांत घरात कुणाला ताप आला, तर डॉक्टरला मेलेल्या कोंबड्यांविषयी आवर्जून सांगावे.

कळवणे आणि मिळवणे

कळवल्यावर काय होते तेही लोकांना माहीत पाहिजे. नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत जातात. रोग ठरला, तर २०२१ च्या सुधारित राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे त्या जागेभोवतालचा १ किलोमीटरचा परिसर बाधित धरला जातो आणि त्यातले पक्षी मारले जातात. त्याबाहेर १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. भरपाईचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. पण ही भरपाई सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे जो उशिरा कळवतो त्याचे रोगानेही नुकसान होते आणि कायद्यानेही. लवकर कळवण्यात पाळकाचाच फायदा आहे. हे एक वाक्य वस्तीवस्तीत पोचले तरी पुष्कळ काम होईल.

२००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याप्रमाणे मालकाने, किंवा संशय आलेल्या कुणीही, ग्रामपंचायतीला अथवा गावच्या जबाबदार अधिकाऱ्याला कळवायचे असते. कार्यकर्त्यांना इथे करण्यासारखे बरेच आहे. वस्तीत कुणाकडे किती कोंबड्या, किती डुकरे, याची साधी वही आजच करून ठेवावी, आणि जी बाई पाळते तिच्या नावाने नोंद करावी. साथ आल्यावर मोजणी सुरू झाली, की शेडवाल्याकडे हिशेबाची पुस्तके असतात आणि आपल्या माणसाकडे फक्त शब्द असतो. पथक आले तर पंचनाम्याची प्रत आणि पावती मागावी. मारण्याच्या कामाला जे मजूर लावतात, तेही बहुधा आपल्यातलेच असतात. त्यांना मुखपट्टी, हातमोजे, अंगभर पोशाख, विषाणूरोधक गोळ्या आणि पुढचे दहा दिवस वैद्यकीय तपासणी मिळाली पाहिजे. हा त्यांचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. आणि फ्लूचे नाव सांगून कुणी डुकरे उचलायला आले, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : कुठल्या प्रयोगशाळेचा, कोणत्या तारखेचा अहवाल?

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकातला विषाणूचा धडा शिकवताना-शिकताना त्यात खुराडे आणि गोठा यांना जागा द्या. वर्गात बसलेल्या ज्या मुलाला ‘डुकरे राखणाऱ्याचा’ म्हणून हिणवले जाते, त्याला डुकराविषयी मास्तरापेक्षा जास्त माहिती असते. डुक्कर कधी खात नाही, कधी खोकते, हे तो दुरून ओळखतो. साथीचे पहिले निदान करण्याची क्षमता त्याच्यात आहे. त्याच्या या ज्ञानाला लाज चिकटवून आपण ते निकामी केले आहे. ती लाज काढून टाकणे हेसुद्धा रोगप्रतिबंधाचेच काम आहे. साबण आणि चुना कुठल्याही दुकानात मिळतो. आपले ऐकून घेतले जाईल हा विश्वास मात्र दुकानात मिळत नाही. तो चळवळीनेच निर्माण करायचा असतो, आणि तोही साथ येण्यापूर्वी.